मीटर बदलायचं की नुसती केबल? जुन्या मारुती ८००बद्दल एक सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बाबांची १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, जीजे-६, म्हणजे बडोद्याच्या पासिंगची. स्पीडोमीटरचा काटा चाळीसच्या आसपास थरथरतो आणि आतून चिरचिर आवाज येतो. रात्री हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे वर चढतात. किलोमीटरचे आकडे दोन वर्षांपासून ९३,४१८वर थांबलेत. भंगारवाल्याकडे एका चार सिलिंडरच्या गाडीचं आरपीएमवालं (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारं) अख्खं मीटर आहे. तो म्हणतोय, "बसवून देतो, आणि किलोमीटर हवे तेवढे कमी करून देतो." घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकच मीटरच्या पोटातली आहे. एक केबलची आहे आणि एक अर्थिंगची, म्हणजे मीटरला बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या जोडणीची. अख्खं मीटर बदललंत तरी केबल आणि अर्थिंग तसंच राहणार, आणि महिन्याभरात नवं मीटरही जुन्यासारखंच वागायला लागणार. गोरव्याच्या आयटीआयमधून बाहेर पडून प्रतापनगरला गाड्यांच्या दुरुस्तीला बसलो त्याला आता ३१ वर्षं झाली. या काळात माझ्याकडे "मीटर बदला" म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त गाड्या तेच मीटर घेऊन परत गेल्यात. मीटर हा निरोप्या आहे. निरोप पाठवणारा बिघडला असेल तर निरोप्या बदलून काय मिळणार?

सगळ्यात आधी थरथरणारा काटा. आत काय चाललंय ते कळलं की दोष कुठे आहे ते आपसूक कळतं. गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरच्या पाठीत एक चुंबक फिरवते. चुंबकाला वेढून ॲल्युमिनियमची लहानशी वाटी असते, पण दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, मध्ये हवेचीच फट. चुंबक फिरलं की वाटीत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह तयार होतात, वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली याचं पेटंट घेतलं होतं. तुमच्या ८००मध्ये अजून तेच तत्त्व काम करतंय, आणि मला अजूनही ते उघडून बघायला आवडतं.

आता विचार करा. चुंबक एकसारखं फिरलं तर काटा थरथरायचं कारणच नाही. काटा थरथरतोय म्हणजे केबल अडखळत फिरतेय: जरा अडते, पीळ भरतो, मग एकदम सुटते. चिरचिर आवाज हा कोरड्या केबलचा. थंडीत सकाळी जास्त येतो आणि गाडी तापली की कमी होतो. तुमच्याकडेही तसंच होत असणार.

केबल तपासायची सोपी रीत सांगतो. दोन्ही टोकं सोडवून आतली तार बाहेर ओढा. ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून दोन्ही हातांत धरा आणि एक टोक बोटांनी सावकाश फिरवा. दुसरं टोक तितक्याच सावकाश फिरलं तर तार चांगली. ते थांबून एकदम उडी मारत असेल तर तारेला मोड पडलाय, मग ग्रीस लावून उपयोग नाही, नवी केबल घ्या. टोकाचा चौकोन झिजून गोल झाला असेल तरी नवीच. तार चांगली असेल तर रॉकेलने धुऊन, पुसून, हलकं ग्रीस लावा, पण फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला. वरची वीतभर तार कोरडी ठेवायची. ग्रीस वर चढून वाटीत गेलं की मीटर कामातून गेलं.

ग्रीसपेक्षा जास्त नुकसान करतं ते गिअरबॉक्सचं तेल. केबलच्या खालच्या टोकाला जो लहान गिअर असतो, त्याचं सील झिजलं की तेल केबलमध्ये शिरतं. आतली तार स्क्रूसारखी गुंडाळलेली असते, त्यामुळे फिरता फिरता ती तेल वर ढकलत नेते. ते मीटरपर्यंत पोचलं की चुंबक आणि वाटीमधल्या फटीत भरतं, वाटी जास्त ओढली जाते आणि गाडी चाळीसने चालली तरी काटा सत्तर दाखवतो. म्हणून मीटर बाहेर काढलं की पहिलं काम: केबल जिथे बसते त्या भोकाला नाक लावा. गिअर ऑइलचा तो उग्र वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. वास आला तर मीटरला हात लावण्याआधी खालचं सील बदला, नाहीतर दुसऱ्या मीटरचीही तीच गत.

तुमचे थांबलेले आकडे हा मात्र मीटरच्या आतला दोष आहे. काटा चालतोय आणि आकडे थांबलेत, याचा अर्थ केबल फिरतेय, चुंबक फिरतंय, पण तिथून आकड्यांकडे जाणारा प्लॅस्टिकचा बारीक गिअर चिरलाय किंवा आपल्या दांड्यावर सैल होऊन नुसता गरगरतोय. पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडच्या उन्हाने प्लॅस्टिक कडक होतं. बडोद्यात मे महिन्यात दुपारी उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून बघा, म्हणजे त्या गिअरने काय सोसलंय ते कळेल. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे गाडी चालू असताना ट्रिपचं, म्हणजे एका प्रवासाचे किलोमीटर शून्यावर आणणारं बटण दाबणं. आकडे फिरत असताना त्यांना जबरदस्तीने शून्यावर ढकललं की दात तुटतात. ट्रिप शून्य करायची ती गाडी उभी करूनच.

हा गिअर तेवढा बदलता येतो. भंगारातलं त्याच मॉडेलचं मेलेलं मीटर स्वस्तात मिळतं आणि त्यातून गिअर काढून घेता येतो. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. दोन मीटरांतून एक चांगलं मीटर तयार होतं, आणि आकडेही गाडीचे स्वतःचेच राहतात.

आता हेडलाइट लावल्यावर चढणारे काटे. नीट लक्ष दिलंत तर उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. सेंडर म्हणजे मोजमाप घेऊन मीटरला कळवणारा भाग. पेट्रोलचा सेंडर मागे टाकीत, टेंपरेचरचा सेंडर पुढे इंजिनावर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग दोन्ही काटे एकाच वेळी कसे बिघडतील? दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं: मीटरला मिळणारा करंट, काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा नियामक आणि अर्थिंग. काही मीटरांत हा नियामक मागच्या बाजूला वेगळ्या डबीसारखा दिसतो, काहींत काट्याच्या घरातच असतो. त्याचं अर्थिंग सैल झालं की तो व्होल्टेज दाबून धरू शकत नाही आणि दोन्ही काटे वर जातात. दिवे लावले की त्याच कमजोर अर्थिंगवर दिव्यांचाही भार येतो, म्हणून दोष रात्री दिसतो.

उलटं झालं असतं, म्हणजे टेंपरेचरचा काटा ठीक आणि एकटा पेट्रोलचा काटा खाली पडलेला, तर मी मीटरकडे बघितलंही नसतं. सरळ टाकीकडे गेलो असतो.

अर्थिंग तपासायला एक वायरचा तुकडा पुरतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थिंगला लावा, चावी चालू करा, हेडलाइट लावा. काटे जागच्या जागी राहिले तर दोष सापडला. मग डॅशबोर्डखाली बॉडीला जिथे अर्थिंगचा स्क्रू आहे तो काढून, रंग-गंज खरवडून, पत्रा चमकेपर्यंत घासून पुन्हा आवळा. या दहा मिनिटांच्या कामाने सुटणाऱ्या तक्रारीसाठी लोक अख्खं मीटर विकत घेतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

स्क्रू घासूनही फरक पडला नाही, तर मीटरच्या पाठीवरची सर्किट शीट बघा. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर तांब्याच्या रेषा असतात, त्यांवरूनच सगळा करंट फिरतो. कपलर, म्हणजे वायरींचा जोड, जिथे बसतो तिथे या रेषा काळ्या पडतात किंवा केसाएवढी चीर जाते. काळ्या पडल्या असतील तर शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, तांबं लख्ख निघतं. पॉलिश पेपर वापरू नका, रेषा मुळात कागदासारख्या पातळ असतात. चीर दिसली तर दोन्ही बाजूंचं वार्निश ब्लेडच्या टोकाने खरवडून तांब्याची एक बारीक तार आडवी टाकून डाग द्या. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचंच घ्या आणि दोन सेकंदांत उचला. तिसऱ्या सेकंदाला प्लॅस्टिक गोळा व्हायला लागतं.

समजा हे सगळं करूनही मीटर बदलायचीच वेळ आली. काच तडकली असेल, डायल उन्हाने उडाली असेल, वाटी घासत असेल, तर बदलायलाच हवं. तेव्हा कुठलं मीटर घ्यायचं?

पहिली गोष्ट आपल्या गावाची. विश्वामित्रीला २०१९च्या जुलैअखेरीस आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला, तेव्हा किती गाड्या डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाड्यांचे सुटे भाग आजही भंगारात फिरतायत. मीटर हातात घेतलं की आडवं धरून काचेच्या आतल्या खालच्या कोपऱ्यात बघा. पुराच्या मीटरमध्ये तिथे मातीची बारीक करडी रेघ असते. बाहेरून कितीही धुतलं तरी ती जात नाही. मग मागे वळवून बल्बचे होल्डर काढा. आत हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर ते मीटर तिथेच ठेवा, फुकट मिळालं तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट सिग्नल जुळण्याची. दिसायला सारखी मीटरं आतून वेगळी असतात. जपानी बनावटीच्या मीटरांत साधारणपणे केबलचे ६३७ फेरे म्हणजे एक किलोमीटर धरतात, म्हणजे ताशी ६०ला मिनिटाला ६३७ फेरे. इतर घराण्यांच्या मीटरांचं गणित वेगळं असतं. डायलवर किंवा पाठीवर हा आकडा बऱ्याचदा बारीक अक्षरांत छापलेला असतो, भिंग लावून दोन्ही मीटरांवर वाचा. आकडे वेगळे असतील तर काटाही खोटा आणि किलोमीटरही खोटे.

पेट्रोलच्या काट्याचंही तसंच. जपानी पद्धतीत टाकी रिकामी असताना सेंडरचा रोध ११० ओहमच्या आसपास असतो आणि टाकी भरली की तो दोन-पाच ओहमवर येतो. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत नेमकं उलटं: रिकाम्या टाकीला १० ओहम, भरलेल्या टाकीला १८०. आता जपानी मीटर अशा युरोपियन गाडीला लावलं तर पेट्रोल संपत आल्यावर काटा भरलेली टाकी दाखवेल. घाटात, रात्री, घरची माणसं बरोबर असताना हे समजलं तर काय होतं ते सांगायला नको.

तुमच्या गाडीत पेट्रोलच्या काट्याची वायर सेंडरकडून मीटरला येते. मीटरच्या मागच्या कपलरपाशी ती क्षणभर अर्थ केली की काटा वर जायला हवा, सोडली की खाली. वायरचा रंग बघून ठरवू नका, पंचवीस वर्षांत किती जणांनी किती वायरी जोडल्यात कुणास ठाऊक. मल्टिमीटरने खात्री करा. आणि ही तपासणी मीटरपाशीच करायची. टाकीपाशी ठिणगी उडेल असं काहीही करायचं नाही, घाई असली तरी नाही.

आता तुमच्या त्या आरपीएमवाल्या मीटरकडे येतो, कारण खरा मोह तिथेच आहे हे मला कळतंय. आरपीएमचा काटा इग्निशन कॉइलच्या ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत चार ठिणग्या पडतात, म्हणजे फेरीला दोन. तुमच्या ८००चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, त्यात दोन फेऱ्यांत तीनच ठिणग्या, म्हणजे फेरीला दीड. चार सिलिंडरसाठी बनलेलं मीटर ते दीडच मोजणार आणि खऱ्याच्या पाऊणपट आकडा दाखवणार. इंजिन ४,०००वर फिरतंय आणि काटा ३,०००वर शांत बसलाय. तुम्ही आरपीएम लावता ते इंजिन जपायला, आणि हा काटा तर तुम्हाला आणखी पाय दाबायला सांगेल. शिवाय ते मीटर तुमच्या डॅशबोर्डच्या खाचेत सरळ बसणार नाही, कापाकापी करावी लागेल. बाबांच्या गाडीचा मूळ डॅशबोर्ड कापू नका. आरपीएम हवंच असेल तर तीन सिलिंडरचं सेटिंग असलेलं वेगळं गोल मीटर बाजारात मिळतं, ते स्टिअरिंगच्या बाजूला क्लिपने लावा. उद्या काढलं तर भोकही उरणार नाही.

मीटर उतरवण्याचं काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. आधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग व्हायझरचे, म्हणजे मीटरवरच्या झाकणाचे स्क्रू काढून ते पुढे ओढा, त्याला जोडलेले स्विचचे कपलर सोडवा. मीटरचे स्क्रू काढल्यावर लोक मीटर खेचतात आणि इथेच चुकतात. केबलला ढील नसते, त्यामुळे तिची प्लॅस्टिकची क्लिप तुटते किंवा मीटरचं नाकच चिरतं. त्यापेक्षा आधी बॉनेट उघडून केबल गिअरबॉक्सच्या बाजूने सोडवा आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून आत थोडी सरकवा. आता मीटर आरामात चार बोटं पुढे येतं, हात मागे जातो, क्लिप दाबून केबल निघते. कपलर काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. आम्ही शिकलो तेव्हा वहीत चित्र काढायचो, तुम्हाला ती सोय आहे.

काच काढली तर साबणाच्या पाण्याने आणि मलमलच्या फडक्याने पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावलं तर ती कायमची धुरकटते. डायलला बोट लावू नका, आणि काटा ओढून काढू नका. काढावाच लागला तर तो जिथे टेकतो तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

आणि आता बल्बबद्दल. हा परिच्छेद घाईत वाचू नका.

१९९६च्या नवरात्रातली गोष्ट. दांडिया बाजारातल्या एका घरची फियाट मीटरच्या कामासाठी माझ्याकडे होती. त्यांना संध्याकाळी पावागढला निघायचं होतं. मी मीटर बसवलं, काटे तपासले, दिवे तपासले. चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब जळालेला होता, दुकान बंद झालेलं. म्हटलं, एक दिवाच तर आहे, आल्यावर लावू. दर्शन घेऊन परतताना हालोलच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडत गेले आणि गाडी बंद पडली. बरोबर म्हातारी आई आणि दोन लहान मुलं. रात्री दीडला कुणीतरी त्यांना ट्रकमधून आणलं. दुसऱ्या दिवशी गाडी आणली तेव्हा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर अगदी व्यवस्थित होता. त्या गाडीत अल्टरनेटर जागा करणारा पहिला करंट त्या लाल दिव्याच्या बल्बमधूनच जात होता. बल्ब नाही तर करंट नाही, करंट नाही तर चार्जिंग नाही. बॅटरी होती तोवर गाडी चालली. ती आई अजून मला नावाने हाक मारते, पण मी ती रात्र विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, चार्जिंगच्या दिव्याला साधा तारेचा बल्बच ठेवा, कंपनीने दिलेल्या वॉटचा. आजकाल सगळे बल्ब काढून एलईडी लावतात. डायलच्या उजेडाला लावा, हरकत नाही. चार्जिंगच्या दिव्याला नुसता एलईडी लावलात तर त्यातून पुरेसा करंट जात नाही आणि काही अल्टरनेटर सुरुवातीला चार्ज करतच नाहीत. ऑइलच्या दिव्याची खात्रीही दर वेळी करा. चावी चालू केल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर "ऑइल ठीक आहे" असं समजू नका, बल्ब गेलाय असं समजा.

तुमची गाडी कार्ब्युरेटरची आहे हे बरं आहे. नंतरच्या एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांपैकी काहींत स्पीडोमीटरच्या पाठीलाच एक लहान स्विच असतो आणि तो इंजिनच्या कॉम्प्युटरला गाडीचा वेग कळवतो. तिथे कार्ब्युरेटरच्या गाडीचं मीटर लावलं तर काटे सगळे चालतात, पण सिग्नलला गाडी हळू होताना इंजिन बंद पडतं, आणि लोक आठवडाभर कार्बन साफ करत बसतात. त्याहून नव्या, चावीत चिप असलेल्या युरोपियन गाड्यांत तर चावीची ओळखच मीटरमध्ये साठवलेली असते. दुसऱ्या गाडीचं मीटर लावलं की गाडी सुरू होते आणि सेकंदभरात बंद होते. तसलं काम योग्य सॉफ्टवेअर असलेल्या माणसाकडेच न्या.

आता किलोमीटर. भंगारवाल्याने जे सुचवलंय ते करू नका, आणि जो माणूस आपणहून ते सुचवतो त्याच्याकडून मीटरच घेऊ नका. त्याने तुम्हाला देऊ केलेल्या मीटरचे आकडेही कुणासाठी तरी फिरवलेले असू शकतात. विकताना कमी आकडा दाखवणं ही सरळ फसवणूक आहे, कायद्यानेही आणि माणुसकीनेही. शिवाय तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे वाल्व वेळेवर उघडणारा पट्टा आहे. तो कधी बदलायचा हे पुढचा मालक त्या आकड्यावरूनच ठरवणार. आकडा खोटा असेल तर बेल्ट कुठेतरी रस्त्यात तुटणार.

प्रामाणिक मार्ग दोन आहेत. जुनं मीटर काढण्याच्या दिवसापर्यंत चालू असेल तर नव्या मीटरचे आकडे जुन्याएवढे लावून घ्यायचे आणि तशी लेखी पावती घ्यायची. मी पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, जुन्या मीटरचा आकडा आणि नव्याचा आकडा लिहितो, दोन्हींचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवतो. तुमच्यासारखं मीटर दोन वर्षं बंद असेल तर खरा आकडा कुणालाच माहीत नाही. मग ९३,४१८पासून पुढे चालू करा आणि सर्व्हिस बुकात स्वच्छ लिहा: "अमुक तारखेपर्यंत दोन वर्षं आकडे बंद होते." तेच चालकाच्या दाराच्या खांबावर लहान स्टिकरवर लिहून चिकटवा. विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला ते आधी दाखवा. टायमिंग बेल्ट मात्र आकड्याची वाट न बघता आत्ताच बदलून टाका.

वेग दाखवणारं मीटर चालू असणं ही नुसती सोय नाही हेही लक्षात ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधल्या ११७व्या नियमाप्रमाणे गाडीला ते हवंच. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं कधीच झाली, त्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणाच्या तपासणीतही काटा चालायला हवा.

शेवटचं काम रस्त्यावरचं. टेबलावर तपासायचं असेल तर जुन्या केबलच्या तारेचा तुकडा ड्रिलमध्ये पकडून मीटरमध्ये घालतात. ड्रिल मिनिटाला ६३७ फेऱ्यांवर स्थिर धरलं की काटा साठवर यायला हवा. दिशा आधी बोटाने फिरवून बघा, उलटं फिरवू नका. घरी ड्रिल नसेल तर रविवारी सकाळी लवकर पादरा रोडला निघा. शेजारी कुणालातरी बसवा, मोबाइलवर स्टॉपवॉच त्याच्या हातात. मोकळा पट्टा मिळाला की काटा साठवर धरून ठेवा. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत बरोबर एक मिनिट लागलं पाहिजे. दोन-चार दगड मोजून सरासरी घ्या. सेकंद कमी लागत असतील तर मीटरला दोष देण्याआधी टायर बघा. ८००ला १४५/७० आर १२ टायर असतात. कुणी १४५/८० घातले असतील तर चाकाचा घेर साधारण पावणेसहा टक्क्यांनी वाढतो, आणि काटा साठ दाखवत असताना गाडी ६३च्या पुढे असते.

ही फेरी होईपर्यंत व्हायझर मागच्या सीटवरच ठेवा, लावू नका. काही ना काही एकदा तरी पुन्हा उघडावं लागतंच. काटा स्थिर राहिला, हेडलाइट लावून दोन्ही छोटे काटे जागचे हलले नाहीत, ९३,४१८चा आठ सरकून नऊ झाला, की मग घरी येऊन व्हायझरचे स्क्रू आवळा.